खोली

पहाटे चार वाजून वीस मिनिटं.
पट्टा पुढे गेला, थांबला, मागे आला, पुन्हा पुढे.
पडद्यावर माझी बॅग, केशरी आणि हिरवी:
एक नळी, नळीत दोन तारा,
चार सेल, एक खटका,
आणि टोकाशी काळं काहीतरी
जे क्ष-किरणांनाही नीट सांगता येईना.

"ये बॅग किसका है?"

मी हात वर केला, शाळेत करायचे तसा.
मागच्या गृहस्थांचा कमरपट्टा ट्रेमध्ये होता,
एका हाताने पँट धरून ते उभे.
माझ्याकडे पाहिलं आणि
अर्धं पाऊल मागे सरकले.

नळी प्लंबरकडची, पाऊण इंची.
काळं ते एपॉक्सी, मीच ओतलेलं,
माझ्या अंगठ्याचा ठसा त्यात कायमचा अडकलाय.
तारा लॅमिंग्टन रोडच्या.
आत पितळी चकती,
दारावरच्या बझरची, अठरा रुपयांना.
कागदोपत्री हिचं नाव हायड्रोफोन.
संस्थेचं पत्र आहे, गोल शिक्का आहे, डॉक्टर गोम्सांची सही आहे.
पत्र कोणी वाचत नाही.
सगळे तारांकडे बघतात.

"करती क्या है ये चीज?"

पाण्यातले मासे ऐकते, म्हणाले.
म्हणता म्हणता मलाच ते खोटं वाटलं.

मग घाबरलेला माणूस बोलतो तसं जास्त बोलत गेले,
की वेसाव्यात माझा मामा, हरेश्वर चिंचय,
वल्हं पाण्यात उभं धरायचा, मुठीला कान लावायचा,
आणि घोळीचं घुरघुरणं आलं की
नुसतं बोट दाखवायचा: इथं.
त्याच्या वल्ह्याला कोणी कधी ट्रेमध्ये ठेव म्हणालं नाही.
हे शेवटचं मनातच ठेवलं.
ती जागा विनोदाची नव्हे.

तिने पांढरी पट्टी नळीवरून फिरवली,
यंत्रात सरकवली. यंत्र विचारात पडलं.
हिरवं.
"चालू करून दाखवा."
मराठीत.
तेव्हा मी नावाची पट्टी वाचली: स. वळवी.

कालची फाइल लावली, खाडीचं तोंड, रात्री अकरा.
टोपी सांभाळत तिने एकाच कानाला हेडफोन धरला.
आधी एक ट्रॉलर गेला असेल. मग ते:
ओल्या फुग्यावरून बोट ओढावं तसं
कुर्र, कुर्र, आणि लांबून दुसऱ्याचं उत्तर.
चेहरा तसाच राहिला. हेडफोनही.

"आत्ता, इथलं ऐकू येतं?"
हवेतलं नाही. हात लावला तर येतं.
मी लाल बटण दाबलं.
तिने वाकलेल्या बोटाच्या पेराने
नळीच्या टोकावर दोनदा वाजवलं.

"गोड्या पाण्यात चालतं?"
चालतं.
"धरणाच्या?"
चालायला हवं.
"खोली किती?"
केबल तीस मीटर.

तिने काहीतरी मोजलं. ओठ हलले.
"आमचं धडगावच्या पलीकडं," म्हणाली,
"मोहापर्यंत पुरंल.
घर त्याच्या खाली होतं, नदीकडं."

"वळवी! लाइन रुकी है!"

बॅगवर शिक्का. पुढचा ट्रे.
गृहस्थांची पँट एकदाची कमरेला बसली.
मी चेन लावली तेव्हा ती कुणाला तरी
नारळ नेता येत नाही म्हणून सांगत होती.

ढगांच्या वर आल्यावर दिसलं,
लाल दिवा चालूच राहिलेला.
एक तास बेचाळीस मिनिटांची फाइल.
ऐकली. चेन म्हणजे दरड कोसळावी तशी,
ट्रेची घासाघीस, चाकं,
माझाच हात, किती वेळा, उगाच,
आणि अगदी सुरुवातीला
दोन ठोके.
आत कोणी आहे का, असे.

फाइलला नोंद लागते, नाहीतर डॉक्टर गोम्स रागावतात.
ठिकाण: सांताक्रूझ विमानतळ.
वेळ: ४.३१.
पाणी: नाही.
खोली:
इथे बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला,
मग कोचीचा समुद्र दिसायला लागला आणि
टेबल बंद करा, म्हणाले.